देवघरातला चेंडू: हातानं घडवलेले जुने गोल्फ चेंडू कसे ओळखावे, कसे जपावे

परतवाड्यात माझा दातांचा दवाखाना आहे, सव्वीस वर्षं झाली. गोल्फची काठी मी आजवर हातात धरलेली नाही. तरी माझ्याकडे जुन्या गोल्फ चेंडूंचे एकोणीस नग आहेत. विसावा, सगळ्यांत चांगला, माझ्याकडे नाही. तो अचलपूरजवळच्या एका खेड्यात, एका आजींच्या देवघरात शाळिग्राम म्हणून बसलेला आहे. मला हा नाद त्याच्यामुळेच लागला, म्हणून तिथूनच सांगते.

आजींची कवळी सैल झाली होती आणि गुडघ्यांमुळे त्यांना दवाखान्यात येणं होत नव्हतं. म्हणून मी घरी गेले. हात धुवायला परसात जाताना देवघर दिसलं. तांब्याच्या ताम्हणात काळाभोर गोल, त्यावर आडव्या-उभ्या रेघा, वर तुळशीचं पान. नमस्कार करून सहज उचलला आणि हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सकाळची वेळ, पौषातली थंडी, पण तो दगडासारखा गार लागला नाही. आणि वजनही नव्हतं.

"हे तं देव हाय आमचा. कायले तोलून पाहता?" आजी म्हणाल्या.

"आजी, हा दगड इतका हलका कसा?"

"देव भक्ताले जड होत नाई, बाई."

त्यांच्या आजेसासऱ्यांनी चिखलदऱ्याला कुण्या साहेबाच्या बंगल्यावर खानसाम्याचं काम केलं होतं. साहेब गेला तेव्हा एक ट्रंक देऊन गेला. ट्रंकेतल्या काचेच्या बाटल्या फुटल्या, चाकूसुऱ्या झिजल्या आणि हा गोल उरला. रेघा म्हणजे चक्रं असं कुणीतरी ठरवलं. एका बाजूला पुसटसा इंग्रजी २७ चा आकडा आहे, त्याची सत्तावीस नक्षत्रं झाली. मी भिंगातून पाहिलं आणि घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

आधी गटापार्चा समजून घ्या

माझ्या आईच्या बोलण्यात 'गटापार्चाची बाहुली' असायची. ती बाहुली असायची सेल्युलॉइडची, पण नाव चिकटलं ते चिकटलं. खरा गटापार्चा मी रोज हाताळते. रूट कॅनालनंतर दाताच्या मुळात जी गुलाबी काडी भरतो, ती त्याचीच. त्यातही खरा गटापार्चा पाचव्या हिश्शाइतकाच असतो, बाकी बहुतेक जस्ताचं भस्म. मलाया, सुमात्रा, बोर्निओकडच्या पॅलाक्वियम नावाच्या झाडाचा हा चीक. आपल्या मेळघाटातला मोह आणि अंगणातला चिकू त्याच कुळातले. मोहाची फांदी मोडल्यावर पांढरं दूध येतं ना, त्याचाच हा लांबचा भाऊ समजा.

याचा मुख्य गुण असा की कढत पाण्यात टाकला की साठ-सत्तर अंशांना कणकेसारखा मऊ होतो, आणि गार झाला की घट्ट. १८४३ साली सिंगापूरहून मॉन्टगोमेरी नावाच्या डॉक्टरनं त्याचे नमुने लंडनला पाठवले. पुढे समुद्राखालच्या तारांना याचंच वेष्टण चढलं, कारण पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो. उजेडात आणि हवेत मात्र ठिसूळ होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे साठवणीच्या वेळी लागेल.

गोल्फमध्ये हा कसा आला याची एक गोष्ट सांगतात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी पॅटरसन नावाच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. मूर्ती फुटू नये म्हणून भोवती गटापार्चाचे तुकडे भरले होते. घरातल्या मुलानं, रॉबर्ट पॅटरसननं, ते तुकडे गरम पाण्यात मऊ करून त्यांचा चेंडू वळला. गोष्ट खरी की रचलेली यावर गोल्फवाले अजून भांडतात. १८४८ पासून मात्र हे चेंडू खेळात रुळले, त्यांना 'गटी' म्हणतात. विष्णूच्या मूर्तीसोबत निघालेला माल आमच्या तालुक्यात विष्णू होऊनच पूजेला बसावा, हे मला त्या रात्री समजलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. नवरा उठून पाहायला आला.

गटीच्या आधीचा चेंडू

याच्याआधी कातड्याच्या पिशवीत पिसं ठासलेला चेंडू होता, त्याला 'फेदरी' म्हणतात. बैलाच्या कातड्याचे दोन-तीन तुकडे तुरटीच्या पाण्यात भिजवून उलट्या बाजूनं शिवायचे, मग पिशवी उलटी करून लहान भोकातून उकडलेली हंसाची पिसं लोखंडी सळईनं ठासायची. पिसं किती, तर एक उंच टोपी भरून. भोक शिवून वाळत ठेवलं की कातडं आकसतं, पिसं फुगतात आणि चेंडू दगडासारखा होतो. चांगला कारागीर दिवसाला तीन-चार करायचा. सेंट अँड्र्यूजच्या ॲलन रॉबर्टसनच्या कारखान्यातून १८४४ साली २,४५६ चेंडू निघाले अशी नोंद आहे. गटी आली तेव्हा हाच रॉबर्टसन इतका बिथरला की पोरांकडून गटी विकत घेऊन जाळायचा, असं म्हणतात. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस एकदा गटीनं खेळला, यावरून दोघांचं फाटलं.

भारतात गोल्फ फार लवकर आलं. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. म्हणजे सुरुवातीचे साहेब इथे फेदरीच मारत होते. तरी विदर्भात फेदरी सापडेल ही आशा धरू नका. आपला पावसाळा, कसर, उंदीर यांतून ती वाचणं कठीण. विकत घ्यायची तर गोष्ट लाखांत जाते, आणि टुरिस्टांसाठी केलेल्या नकला चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या म्हणून खपवतात. माझ्याकडे एकही नाही. आमच्या गल्लीतल्या चप्पल शिवणाऱ्या काकांना मी एकदा सगळी कृती वाचून दाखवली होती. त्यांनी बोकडाचं कातडं आणि कोंबडीवाल्याकडची पिसं घेऊन प्रयत्न केला. दोन दिवस राबले आणि शेवटी वांग्याच्या आकाराचं काहीतरी हातात ठेवून म्हणाले, "मॅडम, हे काम करणाराचे हात वेगळेच असतील." त्या वांग्याला माझ्या कपाटात मानाची जागा आहे.

नवशिक्यानं गटीपासूनच सुरुवात करावी.

हातानं केलेला की साच्यातला

गुळगुळीत गटी हवेत नीट उडत नव्हती, मध्येच डोकं टाकायची. पण खेळून खेळून खरचटलेली जुनी गटी मात्र सरळ जायची. हे लक्षात आल्यावर कारागीर नवीन चेंडूवर हातोडीच्या धारदार टोकानं मुद्दाम रेघा मारू लागले. पाट्याला, जात्याला टाकी लावतात तसंच. हे हातोडीचे चेंडू म्हणजेच संग्राहकाचं खरं धन. पुढे साच्यातच रेघा कोरल्या गेल्या आणि हातोडी थांबली.

फरक ओळखायला टाकी लावलेला पाटा डोळ्यांसमोर आणा. हाताची टाकी कधी खोल, कधी उथळ. एक रेघ दुसरीवर चढलेली. कडेला आल्यावर कारागिराचा हात वळला तिथे रेघ किंचित वाकलेली. साच्यातल्या रेघा पाहिल्या की शिवणयंत्राची टीप आठवते. दुसरी खूण मधल्या जोडाची. साचा दोन वाट्यांचा, त्यामुळे चेंडूच्या कमरेला बारीक जोड दिसतो. पण नुसता जोड दिसला म्हणून चेंडू बाद करू नका. बऱ्याच हातोडीच्या चेंडूंचा नुसता गोल आकार आधी साध्या साच्यात दाबून घेत, टाके, म्हणजे हातोडीच्या या रेघा, नंतर हातानं मारत. तेव्हा पाहायचं ते हे, की रेघा जोडावरून सरळ पलीकडे जातात का. गेल्या तर हातोडी नंतर चालली. जोडाशी येऊन तुटल्या, किंवा वरच्या-खालच्या रेघा अर्धा दोरा सरकलेल्या दिसल्या, तर साचा.

आणि तुतीच्या फळासारखे बारीक फोड असलेला चेंडू 'हातानं केलेला' म्हणून कुणी दाखवला तर हात जोडा. त्याला 'ब्रॅम्बल' म्हणतात, साच्यातूनच निघतो, आणि बहुधा आत रबराचा धागा गुंडाळलेला असतो. हा धाग्याचा चेंडू अमेरिकेतल्या कोबर्न हॅस्केलनं १८९८ मध्ये काढला. १९०२ साली सँडी हर्डनं तोच वापरून ब्रिटिश ओपन जिंकली आणि गटीचा जमाना आटोपला. ब्रॅम्बलही जमवण्यासारखे आहेत, माझ्याकडे सहा आहेत, फक्त हस्तकलेच्या भावानं घेऊ नका. आणि आत काय आहे पाहायला कापू तर मुळीच नका. त्या काळच्या काही चेंडूंच्या पोटात दाबाखाली द्रव भरलेला असे, तो डोळ्यांत उडून माणसं जायबंदी झालेली आहेत.

काटा, पट्टी, भिंग, दिवा

वजनासाठी सोनाराकडे जा. आमच्या सोनारकाकांना आता सवय झालीय, मी दिसले की विचारतात, "आज काय, बांगडी का चेंडू?" जुन्या गटीवर जो २६, २७, २८ असा आकडा असतो ते पेनीवेट या मापातलं वजन. एक पेनीवेट म्हणजे १.५५५ ग्रॅम. २७ ला गुणलं की ४२ ग्रॅम. आकडा आणि काटा जुळले तर अर्धं काम झालं. रंग उडाला, टवका गेला, तर अर्धा-एक ग्रॅम इकडे-तिकडे.

मग व्हर्नियरनं व्यास घ्या, तीन वेगवेगळ्या दिशांनी. हाताच्या चेंडूत तिन्ही माप सारखं येत नाही. सरासरी सेंटिमीटरमध्ये घेऊन तिचा घन करा आणि ०.५२३६ ने गुणा, घनफळ येईल. आजींच्या देवाचा व्यास सरासरी ४.३ सेंटिमीटर, घनफळ साधारण ४१.६. वजन ४२.१ ग्रॅम. म्हणजे घनता पाण्याइतकीच. खरा गटापार्चा पाण्याच्या अल्याड-पल्याडच असतो. याच आकाराचा दगड शंभर ग्रॅमच्या वर भरला असता, जुन्या तोळ्यात नऊच्या पुढे. देव भरला साडेतीन तोळ्यांना थोडा वर. हल्लीच्या राळेत ओतलेल्या नकला अठ्ठेचाळीस-पन्नास ग्रॅमपर्यंत जातात. पाण्यात टाकून तरंगतो का पाहायचा मोह होईल. करू नका, पोपडे सुटलेला जुना रंग पाण्यात उतरतो. कागदावरचा हिशोब पुरेसा आहे.

दहापट भिंगातून पाहा. राळेच्या नकलेत टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे दिसतात. टाक्यांच्या तळाशी काळपट मळ आणि रंगाचे थर हवेत. नकलेत मळ सगळीकडे सारखा फासलेला असतो. खरा मळ खाचेत साचतो आणि उंचवट्यावर घासून जातो.

नोटा तपासायचा जांभळा दिवा बाजारात स्वस्तात मिळतो. अंधार करून तो चेंडूवर मारा. हल्लीचा रंग, हल्लीचा दोरा डिटर्जंटमध्ये धुतलेल्या सदऱ्यासारखा निळसर पांढरा चमकू लागला, तर खिसा बंद करा. पिवळसर-हिरवी झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही, जस्ताचा पांढरा रंग तशीच झाक देतो.

माझ्याकडे आणखी एक सोय आहे, दाताचा एक्स-रे. फिल्म लहान, चेंडू जेमतेम मावतो. पण धाग्याचा चेंडू असेल तर आतला गाभा आणि गुंडाळी वेगळी दिसते, आणि भरीव गटी सगळीकडून एकसारखी. एखाद्या ओळखीच्या दंतवैद्याला चहा पाजून हे काम करून घेता येईल. मी करून देते, चहासुद्धा नको, चेंडू पाहायला मिळाला की पुरे.

शोधायचं कुठे

परतवाडा म्हणजे जुनी एलिचपूरची छावणी. कामठीला १८२१ पासून छावणी. चिखलदरा १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सननं साहेबलोकांच्या नजरेस आणला. जिथे गोरे अधिकारी राहिले, तिथे त्यांची अडगळ मागे राहिली. पण ती बंगल्यात राहिलेली नाही. खानसामे, माळी, धोबी, आया यांच्या घरी गेली. तेव्हा बंगल्यांचे फोटो काढत फिरण्यात अर्थ नाही, माणसांशी बोला.

'गोल्फ' हा शब्द वापरलात तर कुणाला काही कळणार नाही, उलट तुम्ही पैसेवाल्या आहात एवढंच कळेल. मी विचारते, "साहेबाच्या काळचा लहान चेंडू, लिंबापेक्षा थोडा मोठा, कडक, रेघारेघांचा." या वर्णनावर आजवर माझ्यापुढे काय काय आलंय: जिनिंगच्या यंत्रातले छर्ऱ्यांचे मोठे गोळे, पलंगाचे लाकडी लट्टू, हॉकीचे चेंडू, काचेच्या जुन्या गोट्या, एकदा तर वाळलेलं बेलफळ. बिलियर्डचे चेंडू येतात, त्यांतले काही हस्तिदंती. त्यांना हात लावू नका, हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे. भंगारवाल्यांना माझा नंबर दिलेला आहे, पण चौदा वर्षांत विदर्भातून मला चारच खरे चेंडू मिळाले. बाकीचे पंधरा इंग्लंड-स्कॉटलंडच्या लिलावांतून आले. गटी इतकी दुर्मीळ का, याचं एक साधं कारण आहे. फुटली किंवा चेपली की खेळाडू ती टाकत नसत, गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळून घेत. खेळताना चेंडू हवेतच फुटला तर सगळ्यांत मोठा तुकडा पडेल तिथून पुढे खेळायचं, असा तेव्हा नियमच होता.

घरात वस्तू सापडली तर घरच्यांना ती काय आहे आणि बाहेर तिला साधारण काय मोल येतं, हे आधी सांगा. मग 'देता का' विचारा. हा क्रम उलटा करणारे दलाल मी पाहिलेत. पितळी समया वजनाच्या भावानं उचलून नेतात आणि दुसऱ्या वर्षी त्या गावात माझ्यासारखीला कुणी ओटीवर बसूही देत नाही.

आजींना मी सगळं सांगितलं. साहेब, काठी, चेंडू, लिलाव, तीस-चाळीस हजारांपर्यंतची शक्यता. त्यांच्या नातवानं कान टवकारले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असंन चेंडू. पण साठ वर्सं मी याले आंघोळ घालून राह्यली. आता का चेंडू म्हनून बाहीर फेकू?" मी एवढंच मागितलं, की एकदा माप घेऊ द्या. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, बिनचपलेची, दवाखान्यातली अल्जिनेटची पावडर घेऊन गेले. दातांचं माप घ्यायची हीच पावडर, गार पाण्यात कालवायची, दोन-तीन मिनिटांत घट्ट होते, चेंडूला काही अपाय नाही. दोन अर्ध्यांत माप घेतलं. आजी नातवाला म्हणाल्या, "पाह्य, देवाची बी कवळी बनवून राह्यली बाई." त्या मापात ओतलेला प्लास्टरचा जुळा माझ्या टेबलावर आहे. वस्तू मिळाली नाही तर माप घेऊन यावं, त्यानंही शिकायला तेवढंच मिळतं.

पुसू नका, आणि बाकी जपणूक

सगळ्यांत जास्त चेंडू चोर किंवा उंदीर नेत नाहीत, सफाई नेते. घासू नका. साबण नको, टूथपेस्ट नको, खोबरेल तर नकोच. मऊ कुंचल्यानं धूळ झटका आणि थांबा. टाक्यांतला मळ आणि उरलेला रंग म्हणजे त्या चेंडूचा सातबारा. तो पुसला की मालकी शाबीत करायला काही उरत नाही. नवीन रंग देणारे लोक आहेत, त्यांच्याविषयी मी इथे काही लिहीत नाही.

तेलांबद्दल दंतवैद्य म्हणून सांगते. जुनं रूट कॅनाल पुन्हा उघडताना आतला गटापार्चा विरघळवायला आम्ही निलगिरीचं तेल वापरतो, टर्पेंटाइननंही तो विरघळतो. आणि संत्र्याच्या सालीचं तेल, तेही याच कामासाठी दवाखान्यात बाटलीत येतं. आता आम्ही राहतो संत्र्याच्या मुलखात. आमच्या सासूबाईंनी कपाटाला वास चांगला यावा म्हणून मृगबहाराच्या संत्र्यांची ताजी सालं माझ्या खणात पसरली होती. एक साल चेंडूला टेकून राहिलं. आठ दिवसांनी पाहते तर तिथे चिकट डाग आणि त्यात माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटलेला. त्यांना काही बोलले नाही, बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण संत्रं खाल्लेल्या हातानं चेंडू धरायचा नाही, हा आमच्या घरचा नियम झाला. कपाटात डांबराच्या गोळ्याही नकोत.

खरा शत्रू मात्र उन्हाळा. साठ-सत्तर अंशांना मऊ होतो असं वर म्हटलं, आणि मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे सावलीतच पंचेचाळीस-शेहेचाळीस चढतात. टिनाच्या छताखालची पेटी, बंद गाडी, स्लॅबला लागून असलेला माळा, इथे साठ सहज गाठले जातात. माझा एक चेंडू मी स्वतः मारलाय. स्कॉटलंडहून आलेला, हातोडीचा, सुंदर. सोनाराकडे दाखवून परत येताना गाडीच्या डॅशबोर्डवर डबीत ठेवला आणि लग्नाला जेवायला गेले. दोन तासांनी डबीतला चेंडू एका बाजूनं भाकरीसारखा बसला होता. परत गोल करता आला असता, पण मग तो माझ्या हातचा चेंडू झाला असता. तसाच चपटा ठेवलाय.

तेव्हा मार्च ते जूनमध्ये कुरिअरनं काही मागवू नका, विकणाऱ्याला सांगून पार्सल दिवाळीपर्यंत थांबवा. ठेवायची जागा घराच्या मधल्या खोलीत, जमिनीलगत, अंधारी. मातीच्या जुन्या वाड्यातला कोनाडा यासाठी फार चांगला. तसा नसेल तर मी करते तसं करा: कोरं, वापरात नसलेलं मातीचं मडकं, आत धुतलेल्या जुन्या धोतराचा कपडा, एकेक चेंडू स्वतंत्र पुरचुंडीत, वर झाकण. प्लास्टिकची पिशवी नको. काचेच्या शोकेसमध्ये उन्हासमोर मांडून ठेवाल तर काही वर्षांत बारीक भेगा पडतील आणि मग टवके. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी फक्त कातड्याच्या वस्तूंना लागते, गटीला तिची गरज नाही.

आजींचा चेंडू एवढा शाबूत कसा राहिला, याचा मी पुष्कळ विचार केला. देवघर अंधारं, मातीच्या भिंतीतलं. रोज गार पाण्याची आंघोळ. वर तुळस. तेल समईला, देवाला नाही.

पैसे आणि कायदा, थोडक्यात

परदेशी लिलावात बोली लावताना लिलावघराचं कमिशन, टपाल, कस्टम आणि जीएसटी धरून मग आकडा ठरवा. पहिल्या वेळी मी फक्त बोली धरली होती, चेंडू घरी येईपर्यंत जवळजवळ दीडपट झाला. फोटो मागवा: दोन्ही टोकं, कमरेचा जोड, आकडा किंवा शिक्का, आणि काट्यावर ठेवलेला. काट्यावरचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. शिक्क्यात फॉर्गन, सिल्व्हरटाउन अशी नावं येतात. यातलं सिल्व्हरटाउन म्हणजे लंडनजवळची समुद्री तारा बनवणारी कंपनी. शिक्का नसला म्हणून चेंडू हलका ठरत नाही, पुष्कळ कारागिरांनी शिक्का मारलाच नाही.

इथे सापडलेली शंभर वर्षांवरची वस्तू बाहेरदेशी विकायला पाठवू नका. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या.

शेवटी वही. प्रत्येक चेंडूला एक पान. वजन, तीन व्यास, टाक्यांचा प्रकार, रंग, कुणाकडून, कधी, किती रुपयांना, आणि त्यासोबत ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी, त्याच माणसाच्या शब्दांत. वर्षातून एकदा पुन्हा वजन. घटलं तर कुठेतरी टवका गेलाय, शोधा.

विसाव्या पानावर किंमत या रकान्यात रेघ आहे. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता आंघोळ नातसून घालते. कार्तिकीला मी काटा घेऊन जाते, ती देव पुसून माझ्या हातावर ठेवते. मागच्या कार्तिकीची नोंद: ४२.१ ग्रॅम, २७ चा आकडा स्पष्ट, जोडाजवळ तांदळाचा एक दाणा चिकटलेला, काढला नाही.